महाराजा नंदकुमार: एक शिक्का, एक फाशी आणि आजचा सायबर कायदा



‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. त्यामागची आख्यायिकाही शाळेपासून माहीत असते. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि लोक सांगत आले की राघोबादादांच्या हुकमातल्या ‘धरावे’चं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं. यात खरं किती ते इतिहासकार बघतील. पण आपल्या भाषेत बोलायचं तर डेटा टॅम्परिंगची मराठीतली ही सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आहे. कागद खरा, लिहिणारा खरा, फक्त एक कॅरेक्टर बदललं.

त्यानंतर दोनच वर्षांनी कलकत्त्यात एका सत्तरीच्या माणसाला खोटा दस्तऐवज केल्याच्या आरोपावरून फाशी दिलं गेलं. त्यांचं नाव महाराजा नंदकुमार. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला असेल तर हे नाव एका ओळीत वाचलं असेल: हेस्टिंग्जवर लाचेचा आरोप केला आणि फासावर गेले. मीही तेवढंच वाचलं होतं.

मी त्यांच्याकडे परत वळलो ते एका सर्व्हर लॉगमुळे. माझ्या आधीच्या एका कंपनीत काही रिफंड चुकीच्या खात्यांवर गेले. लॉग काढायचं काम माझ्याकडे आलं. लॉगमध्ये एका सहकाऱ्याचा युजर आयडी दिसत होता. मी मेलमध्ये लिहिलं की हे त्याने केलं. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्यानंतर फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि कॉम्प्युटर गुन्हे यांचे कायदे वाचताना मला नंदकुमारांचा खटला पुन्हा भेटला. या गुन्ह्यांत कोर्टाला नेमकं काय काय सिद्ध व्हावं लागतं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालं नाही. म्हणून आज आधी चरित्र, मग कायदा.

हुगळीचा फौजदार ते महाराजा

नंदकुमारांचा जन्म १७०५ च्या सुमारास बंगालमधल्या भद्रपूर गावी, ब्राह्मण कुटुंबात झाला. हे गाव आजच्या बीरभूम जिल्ह्यात येतं. बंगालच्या नवाबांच्या महसूल खात्यात ते वर चढत गेले. नवाब अलीवर्दी खानाचा तो काळ. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य बंगालवर स्वाऱ्या करत होतं तोही हाच काळ. तिकडची माणसं अजूनही त्या स्वारांना ‘बर्गी’ म्हणतात, म्हणजे आपले बारगीर.

१७५७ साली, सिराज उद्दौलाच्या नवाबीत, नंदकुमार हुगळीचे फौजदार होते. त्या मार्चमध्ये इंग्रजांनी शेजारच्या फ्रेंच चंदननगरवर हल्ला केला. नंदकुमारांनी इंग्रजांना अडवायला हवं होतं. त्यांनी अडवलं नाही. इंग्रजांकडून पैसे घेऊन ते बाजूला झाले, असा आरोप तेव्हापासून त्यांच्यावर आहे. तीन महिन्यांनी प्लासी झाली आणि बंगालची सूत्रं फिरली.

पुढे ते मीर जाफरचे विश्वासू झाले, त्याचे दिवाण झाले. १७६४ साली बादशहा शाह आलमकडून त्यांना महाराजा ही पदवी मिळाली. कंपनीच्या वतीने महसूल वसुलीची कामंही त्यांनी केली. त्याच कामांत वॉरन हेस्टिंग्ज नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याशी त्यांचा पहिला खटका उडाला.

१७६५ मध्ये मीर जाफर वारला. कंपनीने कारभारासाठी नंदकुमारांना डावलून महंमद रझा खानाला पुढे आणलं. १७७२ साली हेस्टिंग्ज बंगालचा गव्हर्नर होऊन आला, तेव्हा लंडनच्या आदेशावरून रझा खानाची चौकशी लागली. रझा खानाविरुद्ध माहिती काढायला हेस्टिंग्जने नंदकुमारांनाच वापरलं. बदल्यात त्यांचा मुलगा गुरुदास याला अल्पवयीन नवाबाच्या वाड्याचा कारभारी नेमलं, आणि नवाबाची पालक म्हणून मुन्नी बेगमला बसवलं. रझा खान शेवटी निर्दोष सुटला. नंदकुमारांना ज्या पदाची आस होती ते मिळालं नाही.

इथपर्यंतचं वाचून नंदकुमार हा साधाभोळा, अन्यायग्रस्त माणूस होता असं वाटणार नाही. नव्हताच. ते दरबारी राजकारणात मुरलेले होते, आणि इंग्रज कागदपत्रांत त्यांच्याबद्दल फारसं चांगलं कोणी लिहिलेलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण या खटल्याची खरी अडचण इथेच आहे. ज्याच्यावर आधीच कुणाचा विश्वास नाही, त्याच्यावरचा पुरावा आपण नीट तपासतो का?

११ मार्च १७७५

१७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला, पण त्याच्या डोक्यावर चार सदस्यांचं कौन्सिल आलं. निर्णय बहुमताने. ऑक्टोबर १७७४ मध्ये क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फ्रान्सिस लंडनहून आले आणि तिघंही हेस्टिंग्जच्या विरोधात उभे राहिले. बारवेल तेवढा त्याच्या बाजूने. म्हणजे कायम तीन विरुद्ध दोन. त्याच सुमारास नव्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशही आले. सरन्यायाधीश होता एलायजा इम्पी. तो आणि हेस्टिंग्ज लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत एकत्र शिकलेले.

मार्च १७७५ हा महिना आपल्यालाही ओळखीचा आहे. याच महिन्यात राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला, जो पुढे याच कलकत्ता कौन्सिलने नाकारला. त्याच दिवसांत, ११ मार्चला, फ्रान्सिसने नंदकुमारांचं एक पत्र कौन्सिलपुढे ठेवलं. आरोप असा की मुन्नी बेगम आणि गुरुदास यांच्या नेमणुकांसाठी हेस्टिंग्जने साडेतीन लाखांहून जास्त रुपये घेतले. कौन्सिलने नंदकुमारांना समोर बोलवायचं ठरवल्यावर हेस्टिंग्ज बैठक मोडल्याचं जाहीर करून निघून गेला. बहुमताने बैठक चालूच ठेवली आणि त्यांचं म्हणणं ऐकलं.

एप्रिलमध्ये उलटा वार झाला. कमालुद्दीन खान नावाच्या माणसाने तक्रार केली की नंदकुमार आणि फाउक नावाचा इंग्रज आपल्याकडून जबरदस्तीने हेस्टिंग्ज आणि बारवेल यांच्याविरुद्ध खोटे आरोप लिहून घेत आहेत. कटाचा खटला उभा राहिला. आणि ६ मे रोजी नंदकुमारांना एका वेगळ्याच, जुन्या प्रकरणात अटक झाली.

तो रोखा

बुलाकीदास नावाचा एक सराफ होता. १७६९ मध्ये तो वारला. त्याच्यामागे नंदकुमारांनी १७६५ सालचा एक फारसी रोखा पुढे केला. त्यात लिहिलं होतं की नंदकुमारांनी विक्रीसाठी ठेवलेले दागिने मीर कासिमच्या लढाईच्या धामधुमीत लुटले गेले, त्याबद्दल बुलाकीदास ४८,०२१ सिक्का रुपये आणि वर चढती रक्कम देणं लागतो. रोख्यावर बुलाकीदासचा शिक्का, आणि तीन साक्षीदार. बुलाकीदासच्या मालमत्तेतून पैसे चुकते झाले.

नंतर बुलाकीदासचे व्यवहार बघणाऱ्या मोहनप्रसादने हा रोखाच बनावट असल्याचं म्हटलं. आधी दिवाणी वाद झाला, तो कित्येक वर्षं रेंगाळला. मे १७७५ मध्ये त्याचा फौजदारी खटला झाला. हेस्टिंग्जची बाजू घेणारे सांगतात की मूळ कागद मेयरच्या कोर्टात अडकले होते, नवं कोर्ट आल्यावर ते हाती आले, म्हणून हा मुहूर्त. विरोधक सांगतात की मुहूर्त हेस्टिंग्जवरच्या आरोपाने ठरवला. दोन्ही बाजूंकडे तारखा आहेत.

आता आपल्या कामाचा भाग. तीन साक्षीदारांपैकी एक नाव होतं महंमद कमाल. खटल्यात सरकारी बाजूचा मुख्य साक्षीदार म्हणून उभा राहिला कमालुद्दीन खान, कटाच्या खटल्यातला तोच. त्याने सांगितलं: शिक्का माझाच आहे, पण मी या रोख्यावर साक्ष केलेलीच नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका अर्जावर उठवायला म्हणून मी माझा शिक्का नंदकुमारांकडे पाठवला होता. तो मला परत मिळाला नाही. आणि पुढे नंदकुमारांनी स्वतः मला सांगितलं की तो आपण या रोख्यावर वापरला.

बचाव पक्षाचं म्हणणं: हा तो महंमद कमालच नाही. साक्षीदार महंमद कमाल वेगळा होता आणि तो मरण पावला आहे.

डेव्हलपर मंडळींच्या डोक्यात एव्हाना घंटा वाजली असेल. कमालुद्दीन सांगतोय की माझी प्रायव्हेट की दुसऱ्याच्या हातात गेली आणि त्याने माझ्या नावाने सही केली. बचाव पक्ष सांगतोय की युजरनेम सारखं आहे, युजर वेगळा आहे. त्या काळी शिक्का हीच ओळख होती, शिक्कामोर्तब झालं की विषय संपला. पण शिक्का उठलाय यावरून एवढंच कळतं की शिक्का कुणाच्या तरी हातात होता. हात कुणाचा, हे शिक्का सांगत नाही.

आठ दिवस आणि एक पहाट

खटला ८ जूनला सुरू झाला. चार न्यायाधीश, युरोपीय ज्युरी. साक्षी दुभाष्यामार्फत इंग्रजीत. बचावाचे बरेच साक्षीदार आले, पण न्यायाधीशांनी त्यांचीच कडक उलटतपासणी घेतली, आणि त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळत नसल्याचं ज्युरीला दिसलं. १६ जूनच्या पहाटे निकाल आला: दोषी.

शिक्षा होती फाशी. का? कारण कोर्टाने राजा दुसरा जॉर्ज याच्या काळातला इंग्लंडचा कायदा लावला. कागदी पैसा, हुंड्या, रोखे यांवर चालणाऱ्या लंडनच्या बाजारासाठी बनवलेला तो कायदा. त्यात बनावट दस्तऐवजाला मृत्युदंड होता. चेंबर्स या न्यायाधीशाने सुचवलं होतं की राणी एलिझाबेथच्या काळातला जुना, सौम्य कायदा लावावा, ज्यात पहिल्या गुन्ह्याला फाशी नाही. बाकीच्यांनी ते मानलं नाही. बंगालमध्ये खोट्या रोख्यासाठी जीव घेण्याची पद्धत नव्हती. १७६५ साली कलकत्त्यात राधाचरण मित्र यांना अशीच शिक्षा झाली होती, पण लोकांनी अर्ज केल्यावर ती माफ झाली. न्यायाधीशांनी त्यातून असा अर्थ काढला की इथल्या लोकांना हा कायदा ठाऊक आहे. मला त्यातून उलटं दिसतं. ठाऊक होती ती माफी.

शिवाय आरोप होता सुप्रीम कोर्ट जन्माला येण्याआधीच्या कृत्याचा. कोर्टाच्या सनदेत शिक्षा थांबवून राजाकडे प्रकरण पाठवायची सोय होती. ती वापरली गेली नाही.

ज्या कौन्सिलच्या बहुमताने नंदकुमारांचा आरोप उचलून धरला होता, त्यांनीही त्यांना वाचवलं नाही. नंदकुमारांनी मरण्याआधी दयेचा अर्ज क्लेव्हरिंगकडे पाठवला होता. क्लेव्हरिंगने तो फाशीनंतर, १४ ऑगस्टला, कौन्सिलपुढे ठेवला. मग त्याच कौन्सिलने, आणि तेही फ्रान्सिसच्या सूचनेवरून, तो जाळून टाकायचा ठराव केला.

५ ऑगस्ट १७७५ रोजी सकाळी नंदकुमार पालखीतून वधस्तंभाकडे गेले. शेरीफने लिहून ठेवलंय की ते शेवटपर्यंत शांत होते. त्यांनी मुलाची, गुरुदासची, काळजी घ्यायचा निरोप कौन्सिलच्या त्या तिघांसाठी ठेवला.

पुढे इम्पीवर महाभियोग आणायचा प्रयत्न झाला. १७८८ मध्ये ब्रिटिश संसदेने तो फेटाळला. १८४१ मध्ये मेकॉलेने हेस्टिंग्जवरच्या निबंधात इम्पीला झोडपलं. १८८५ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेपंडिताने दोन खंड लिहून इम्पीचा बचाव केला. लगेच १८८६ मध्ये हेन्री बेव्हरिज याने पुस्तक काढून ही न्यायाच्या नावाखाली केलेली हत्याच असल्याचं मांडलं. रोखा खरा की खोटा, हा वाद आजही मिटलेला नाही.

आजचा कायदा काय विचारतो

आता तोच रोखा आजच्या कायद्यासमोर ठेवू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बनावटीकरणाची कलमं ३३५, ३३६, ३३८, ३४०. फसवणूक कलम ३१८. सोबत २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहेच. त्या कायद्याने जुन्या दंड संहितेत ‘दस्तऐवज’ शब्दाच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड आणून बसवला, तो नव्या संहितेतही आहे. म्हणजे पीडीएफ, मेल, स्क्रीनशॉट, डिजिटल सही असलेलं कॉन्ट्रॅक्ट, सगळं यात येतं.

बनावटीकरण सिद्ध करायला चार प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यात टाकता येत नाही.

पहिला प्रश्न: दस्तऐवज ‘खोटा’ आहे का? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. आतला मजकूर असत्य असला म्हणून दस्तऐवज कायद्याच्या अर्थाने खोटा होत नाही. दस्तऐवजाने स्वतःबद्दल खोटं सांगायला हवं. मी केलेला नसताना मी केल्याचं भासवणं, किंवा अधिकार नसताना नंतर बदल करणं, किंवा समोरच्याला काय सही करतोय ते कळू न देता सही घेणं. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये बिहारमधल्या एका जमिनीच्या प्रकरणात हेच सांगितलं. दुसऱ्याची जमीन आपली म्हणून, पण स्वतःच्याच नावाने आणि सहीने विकली, तर ते खरेदीखत बनावट ठरत नाही. घेणाऱ्याची फसवणूक होऊ शकते, पण तो वेगळा गुन्हा. आपलं उदाहरण घ्या: बायोडेटात खोटा अनुभव लिहिणं म्हणजे थाप. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेच्या पीडीएफमध्ये ५२ चे ८२ करणं म्हणजे बनावट. ‘ध चा मा’ याच दुसऱ्या प्रकारात बसतो.

दुसरा प्रश्न: बनवला कोणी? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर एका मुखत्यारपत्राचं प्रकरण होतं. एका तोतया बाईने मालकीण असल्याचं भासवून ते करून दिलं होतं, आणि ज्याच्या नावे केलं त्याने ते वापरायचा प्रयत्न केला. कोर्टाने म्हटलं की बनावटीकरणाची शिक्षा ज्याने दस्तऐवज बनवला त्यालाच होते. फायदा कुणाला होणार होता यावरून बनवणारा ठरत नाही. पोलीस तपासातल्या ढिलाईवरही कोर्टाने बोट ठेवलं.

तिसरा प्रश्न: हेतू काय? नुकसान करणं, खोटा हक्क सांगणं, कुणाकडून मालमत्ता काढून घेणं, किंवा फसवणूक करणं, यापैकी काहीतरी हवं. १९६२ सालचा एक निकाल मला फार आवडतो. दिल्लीतल्या एका महिला डॉक्टरने स्वतःच्या पैशाने गाडी घेतली, तान्ह्या मुलीच्या नावावर, आणि विम्याच्या कागदांवर मुलीच्या नावाने सह्या केल्या. नाव खोटं वापरलं हे उघड होतं. पण त्यातून तिला कसला गैरफायदा झाला नाही आणि विमा कंपनीचं काही नुकसान झालं नाही. सुप्रीम कोर्टाने तिला सोडलं. नुसती लपवाछपवी पुरत नाही, त्यासोबत कुणाला तरी इजा किंवा तिचा धोका लागतो.

चौथा प्रश्न: वापरताना माहीत होतं का? बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३४०. पण तो बनावट आहे हे वापरणाऱ्याला माहीत असावं लागतं, किंवा तसं समजायला पुरेसं कारण असावं लागतं. फॉरवर्ड आलेलं खोटं नियुक्तीपत्र घेऊन एखादा पोरगा बिचारा खरंच ऑफिसात हजर झाला, तर तो गुन्हेगार नाही, तो बळी आहे.

नंदकुमारांच्या खटल्यात रोखा त्यांनी वापरला आणि त्यावर पैसे मिळाले, हे उघड होतं. बाकीचं बरंचसं कमालुद्दीनच्या शब्दावर उभं होतं: शिक्का कुणी उठवला आणि कबुली दिली का. आणि कमालुद्दीन स्वतः दुसऱ्या खटल्यात त्यांच्याविरुद्ध तक्रारदार होता. आज रोख्यासारख्या मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीला कलम ३३८ खाली जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आहे, साध्या बनावटीकरणाला दोन वर्षांपर्यंत. जीव जात नाही. इंग्लंडनेही १८३० च्या दशकात ही फाशी रद्द केली.

कॉम्प्युटर गुन्ह्यांत हेच प्रश्न कसे येतात

आयटी कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं, डेटा उचलणं, व्हायरस सोडणं वगैरे गोष्टी सांगतं. त्याबद्दल नुकसानभरपाई द्यावी लागते. तीच कृती अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केली की कलम ६६ लागतं आणि ती फौजदारी होते. कृती तीच असते, फरक हेतूचा.

कलम ६६ मात्र गोंधळायला सोपं आहे, कारण इंग्रजी अक्षरांमुळे ६६ला बरीच पिल्लं आहेत. आपल्याला हवी ती दोन: ६६सी आणि ६६डी. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळख फसवणुकीने वापरणं म्हणजे ६६सी. कमालुद्दीनचा शिक्का जर खरंच तसा वापरला गेला असेल, तर आजच्या भाषेत ही ती केस. कॉम्प्युटर किंवा फोन वापरून दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवणं म्हणजे ६६डी. बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी मागणारा इथे येतो. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

आणि एक गोष्ट शिक्क्याच्या मालकासाठी. आयटी कायद्याचं कलम ४२ सांगतं की डिजिटल सहीची प्रायव्हेट की नीट सांभाळणं ही सही घेणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती पडली तर विनाविलंब प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवायचं. मग ते प्रमाणपत्र रद्द होतं. कमालुद्दीनने एवढी वर्षं शिक्का परत का आणला नाही, किंवा तो हरवल्याचं जाहीर का केलं नाही, हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारला जाईल. सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सही असेल तर कोर्ट आधी असंच धरून चालतं की ती मालकानेच केली. उलटं सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर येतं. म्हणून सीएच्या ऑफिसात तुमचा डिजिटल सहीचा डोंगल आणि त्याचा पासवर्ड वर्षानुवर्षं पडून असेल, तर आजच घरी आणा.

तो मेल

आता माझ्या लॉगचं. मी लिहिलेल्या मेलवरून त्या सहकाऱ्याला मीटिंगला बोलावलं गेलं. आमचं त्याच्याशी फारसं पटत नसे, उशिरा येतो, उलट बोलतो, अशी त्याची ख्याती होती. कुणी फारसे प्रश्न विचारले नाहीत. त्याने राजीनामा दिला. काही आठवड्यांनी कळलं की त्याचं लॉगिन एका जुन्या स्क्रिप्टमध्ये पासवर्डसकट लिहून ठेवलेलं होतं, आणि ती स्क्रिप्ट टीममधले पाच-सहा जण चालवत होते. मीही त्यातला एक होतो. रिफंड चुकले ते त्या स्क्रिप्टमधल्या एका बगमुळे. कुणाचा हेतूच नव्हता.

म्हणजे चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे फक्त शिक्का होता. मी त्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला ठीक आहे, आणि विषय बदलला.

तेव्हापासून इन्सिडेंट रिपोर्ट लिहिताना मी वाक्य बदललंय. अमुक व्यक्तीने केलं असं लिहीत नाही. अमुक आयडीवरून, अमुक आयपीवरून, अमुक वेळेला झालं, आणि तो आयडी आणखी कुणाकुणाच्या हातात होता, एवढं लिहितो. तुमच्याकडे लॉग काढायचं काम येत असेल तर तुम्हीही तसंच लिहा. आणि शेअर्ड पासवर्डची स्क्रिप्ट असेल, तर ती सोमवारी सकाळी पहिल्यांदा काढून टाका.